जन्मघर वाचवा

४ फेब्रुवारी

आले बाई एकदाची. बस पूल ओलांडून गावात शिरली तेव्हा कंडक्टरनं विचारलं, कुणाकडे उतरणार. मी ऐटीत सांगितलं, जन्मघरात. त्यावर त्यानं माझी बॅग स्वतः खाली उतरवून दिली. बॅग उतरवून देणारा कंडक्टर मला आयुष्यात पहिल्यांदा भेटला, तेव्हा सुरुवात तर झकास झाली म्हणायची.

जन्मघर हे लोकांनी ठेवलेलं नाव. खरं म्हणजे ते जुनं प्रसूतिगृह आहे. दगडी, दुमजली, मधून लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या. नदीपलीकडे नवं इस्पितळ झालं तेव्हा हे बंद पडलं, आणि आता रस्ता रुंद करायचा म्हणून महिनाअखेर पाडायचा हुकूम निघालाय. ते पडू द्यायचं नाही, यासाठी बचाव समितीनं मला आणलंय. याआधी मी एक वाचनालय, एक नाट्यगृह आणि एक पाण्याची टाकी वाचवली आहे. टाकीचं ऐकून लोक हसतात, पण टाकी अजून उभी आहे. स्वयंपाकापासून संसारापर्यंत बाकी सगळ्यात मी ढ, पण माणसांना घराबाहेर कसं काढायचं ते मला बरोबर कळतं.

समितीच्या प्रमुख मोठ्या बाई. सत्तरी उलटलीय, पण पाठ ताठ. त्या इथं सुईण होत्या आणि निम्मं गाव त्यांच्या हातावर जन्मलं. मुलाखतीत त्यांनी कामाचं फारसं विचारलंच नाही, घरी कोण कोण असतं ते विचारलं. मी सांगून टाकलं की आई-वडील लवकर गेले, मला ताईनं वाढवलं, दोनदा हातातोंडाशी येऊन गेल्यावर आता तिला पुन्हा दिवस गेलेत, मार्चच्या सुरुवातीला बाळंतपण आहे, तेव्हा २१ तारखेला मी तिच्याकडे जाणार म्हणजे जाणार. बाईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, अशी मायेची माणसंच आम्हाला हवीत. अडीअडचणीला असावा म्हणून ताईचा फोन नंबरही घेऊन ठेवला. मला अगदी भरून आलं.

राहायला वरच्या मजल्यावरची नर्सची खोली दिलीय. लोखंडी पलंग, टेबल, पाण्याचं बेसिन आणि पुढच्या दाराच्या बरोबर वर खिडकी. खिडकीला हे जाड गज. पोरं चोरायला येत होतं की काय कुणी, असं मी पोस्टर छापणाऱ्या काकांना विचारलं, तर ते हसलेच नाहीत. बाकी काका गमतीशीर आहेत. त्यांनी मला बोळात उभं करून काहीही ओरडायला सांगितलं आणि स्वतः रस्त्यावर गेले. मी ओरडले, काका, चहा सांगा. परत येऊन म्हणाले, शब्द एकही कळला नाही, फक्त एक बाई कळवळून हाका मारतेय असं वाटलं. या बोळात म्हणे आवाजाचं असंच होतं. पूर्वी रस्त्यावरच्यांना आतल्या बायकांचं एवढंच ऐकू यायचं.

भिंती इतक्या जाड की फोनला रेंज फक्त गच्चीवर. संध्याकाळी वर जाऊन ताईला फोन लावला. तिनं नेहमीप्रमाणे म्हटलं, ठमे. मी म्हटलं, ओ. लहानपणी ओ दिली नाही तर जेवायला वाढायची नाही ही, त्यामुळे मी झोपेतसुद्धा ओ देते.

८ फेब्रुवारी

कामाला जुंपून घेतलंय. समितीचे इंजिनिअर भेटले. भिंतींना भेगा आहेत म्हणून इमारत धोकादायक, असं हुकुमात लिहिलंय. भेगा जुन्याच आहेत, वाढत नाहीत, हे सिद्ध करायला त्यांनी प्रत्येक भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवलीय. भिंत केसभर जरी हलली तरी पट्टी तडकते. सकाळी चहा झाला की पट्ट्या पाहत बोळातून एक फेरी मारायची, हे काम त्यांनी माझ्या गळ्यात मारलंय. सगळ्या शाबूत.

गाव छोटं आणि टापटीप. माणसं आपुलकीनं बोलतात, डबा रोज वेगळ्या घरून येतो आणि प्रत्येक घरातून ताईची चौकशी होते. एक गोष्ट मात्र आज लक्षात आली. गावात पोरंसोरं नाहीत. शाळेला कुलूप, मैदानात गवत. काकांना विचारलं तर म्हणाले, जन्मघर बंद झाल्यावर जी जन्मली ती पलीकडे जन्मली, मोठी झाली आणि निघून गेली. मग तुम्ही का नाही गेलात, असं मी चेष्टेनं विचारलं. काका म्हणाले, इथं जन्मलेल्याला पूल ओलांडवत नाही, पोटात पिळा पडतो. मी म्हटलं, काका, त्याला आळस म्हणतात.

११ फेब्रुवारी

आज मोहिमेची पहिली खेळी. इमारत वाचवा म्हटलं की लोक माना डोलावतात आणि घरी जाऊन झोपतात. त्यापेक्षा माणसाला त्याची स्वतःची जागा दाखवावी. म्हणून सगळ्यांना सांगितलं की तुमचा जन्म ज्या खोलीत झाला त्या खोलीत या, भिंतीला हात लावून उभे राहा, मी फोटो काढते. फोटोखाली एकच ओळ, मी इथं जन्मलो.

सकाळपासून रीघ लागली. मिशाळ खाटीक भिंतीला हात लावून ढसाढसा रडला. दोघी म्हाताऱ्या जुळ्या बहिणी तासभर हलेनात. आतापर्यंत एवढी ओढ मी कुठल्याच गावात पाहिली नव्हती, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. पलीकडच्या शहरातल्या वर्तमानपत्रानं फोटो मागवलेत.

मागच्या बाजूला एक खोली पडलेली आहे. गेल्या वर्षी छत कोसळलं. तिथं फोटोला कुणीच कसं नाही, असं बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या की त्या खोलीतलं आता कुणी उरलं नाही. म्हाताऱ्या माणसांचं चालायचंच, असं मी म्हणून गेले.

फेरीत एक पट्टी तडकलेली सापडली. धावत इंजिनिअरना घेऊन आले. त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. भेग रुंदावली असती तर काचेचे तुकडे एकमेकांपासून लांब गेले असते. इथं एक तुकडा दुसऱ्यावर चढलाय. म्हणजे भेग मिटलीय. असं होतं का हो, असं मी विचारलं. ते म्हणाले, होतंय ना.

१५ फेब्रुवारी

आजची सभा मी मरेपर्यंत विसरणार नाही.

सभा आतच घ्यायची, बोळात, असा बाईंचा आग्रह होता. गाव लोटलं होतं. जिन्यावर, खोल्यांच्या उंबऱ्यांवर, खिडक्यांत माणसं. मी बोलायला उभी राहिले. इतक्या वर्षांच्या सवयीनं मला कळतं की गर्दी कुठल्या वाक्याची वाट बघतेय, आणि ते सापडेपर्यंत मी बोलत राहते. दगडांबद्दल बोलले, टाळ्या बेताच्या. आठवणींबद्दल बोलले, डोळे ओले. पण ते वाक्य सापडेना. मग माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं की हे घर मेलेलं नाही, इथं पुन्हा बाळ रडेल, आणि दुसऱ्या कुणाचं कशाला, माझ्या सख्ख्या बहिणीचं बाळ इथंच जन्माला येईल, हा माझा शब्द.

टाळ्या नाही वाजल्या. सगळं गाव एकदम उठून उभं राहिलं. मग बाईंनी हात जोडले आणि एकेकानं पुढं येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला.

आता शांतपणे विचार केला तर जरा अतीच झालं. ताई कशाला इथं येईल. तिला डॉक्टरांनी जिनासुद्धा उतरू नको म्हणून सांगितलंय. पण भाषणात माणूस बोलतोच, ते काय कुणी धरून बसतं?

गच्चीवरून ताईला ही गंमत सांगितली. ती म्हणाली, ठमे, तुझी जीभ एक दिवस तुला गोत्यात आणणार.

१७ फेब्रुवारी

जिंकलो. पाडकामाला स्थगिती मिळाली. वर्तमानपत्रात माझा फोटो, खाली माझं ते वाक्य ठळक अक्षरांत. काकांनी त्याच वाक्याचं पोस्टर छापून गावभर लावलंय. मी म्हटलं, काका, ते वाक्य काढा, ताई रागवेल. ते म्हणाले, शब्द दिलाय तो कसा काढायचा.

सकाळच्या फेरीत सगळ्या पट्ट्या तडकलेल्या, आणि सगळीकडे तुकड्यावर तुकडा. बोटानं चाचपून पाहिलं तर भेगा सापडतसुद्धा नाहीत. इंजिनिअर खोल्या मोजत होते. माझी खोली त्यांच्या नकाशापेक्षा वीतभर कमी भरली. आधीचं माप चुकलं असणार, असं म्हणून त्यांनी टेप गुंडाळला. पण माझा पलंग भिंतीपासून लांब होता हे मला पक्कं आठवतंय. मी त्या फटीत चपला ठेवायचे. चपला आता पलंगामागं दाबून बसल्यात, निघत नाहीत.

१९ फेब्रुवारी

गच्चीचं दार बसलंय. काल जरा घासत होतं, आज ढिम्म हलत नाही. सुताराला बोलवा म्हटलं तर बाई म्हणाल्या, आता कशाला, परवा तर जायचंच आहे ना तुला. त्या हे म्हणाल्या तेव्हा काकांनी मान खाली घातली.

ताईशी दोन दिवस बोलणं नाही. बाजारात जाऊन फोन लावावा म्हणून खाली आले, तर पुढच्या दारापाशी दोघी जुळ्या बहिणी खुर्च्या टाकून बसलेल्या. म्हणाल्या, काय हवं ते सांग, आम्ही आणून देतो. मी म्हटलं, मला पाय मोकळे करायचेत. त्या हसल्या, उठल्या मात्र नाहीत. भांडायला मला एरवी निमित्त लागत नाही, पण का कोण जाणे, मी मुकाट्यानं वर आले.

मला इथं आवडेनासं झालंय. परवा सुटले की परत तोंड दाखवणार नाही.

२१ फेब्रुवारी

बॅग भरून तयार होते. आज सकाळी मानवी साखळीचा कार्यक्रम होता. मीच ठरवलेला. स्थगिती तात्पुरती आहे, तेव्हा गावानं हातात हात घालून इमारतीभोवती उभं राहायचं. तालीमही मीच घेतली होती. पाठ इमारतीकडे, तोंड रस्त्याकडे, म्हणजे पाडायला येणाऱ्यानं आधी तुमचा चेहरा बघावा. दहादा घोकून घेतलं होतं.

खिडकीतून पाहिलं. सगळं गाव आलंय, हात घट्ट धरलेत, साखळी कुठंही तुटलेली नाही. पण तोंडं सगळ्यांची आत आहेत. रस्त्याकडे पाठ करून सगळे माझ्या खिडकीकडे बघतायत.

खाली पळाले. दार उघडत नाही. कडी निघते, दार हलत नाही. चौकट दोन्ही बाजूंनी आवळून आलीय, लाकूड मधे फुगलंय. खांदा लावला, लाथा घातल्या. ओरडले. बाहेर कुणी हाललं नाही. त्यांना माझे शब्द कळत नसतील म्हणून खिडकीत येऊन ओरडले की दार अडकलंय, मला जायचंय, ताई वाट बघतेय. हे त्यांना नक्की ऐकू गेलं. खाटिकानं डोळे पुसले. हात कुणीच सोडला नाही.

दुपारची बस गेली. माझ्या खिडकीतून पूल दिसतो.

२२ फेब्रुवारी

बाई आल्या. तळमजल्याच्या खिडकीपाशी, गजांतून बोलल्या. आवाज तोच, मायेचा. माझा हात धरायला बघत होत्या, मी दिला नाही.

त्यांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. त्यांना ते वाईट वाटतच नाही मुळी. हे घर ज्यांना जन्म देतं त्यांना धरून ठेवतं, आणि हे पडलं की ती माणसंही पडतात. मागची खोली कोसळली त्याच आठवड्यात त्या खोलीत जन्मलेले सगळे गेले, धडधाकट माणसं, एक तर चालता चालता. घर रिकामं राहिलं की भेगा पडतात. त्याला बाळ लागतं. गावात आता बाळंत होण्याजोगी बाई नाही. बाहेरून कुणा गरोदर बाईला ओढून आणता येत नाही, तिच्या रक्ताच्या माणसानं घरात उभं राहून शब्द द्यावा लागतो. याआधी दोन पोरी आणल्या होत्या मोहिमेला. त्या चांगलं बोलल्या, पण शब्द काही दिला नाही. तू आपणहून दिलास पोरी, असं म्हणाल्या.

म्हणजे मोहीम माझीच होती. लोक जमवले मी. वाक्य शोधून काढलं मी.

मी विचारलं, बाळाचं काय होईल. त्या म्हणाल्या, काही नाही, छान वाढेल, इथंच राहील. आणि ताईचं? त्या म्हणाल्या, बाळ इथं, तर आई कुठं जाईल? त्यांनी ताईला फोन केलाय. ठमी आजारी आहे, तापात तुमचं नाव घेतेय, असं सांगितलंय.

ठमी हे नाव मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. गच्चीवर एकटीच असायचे मी. म्हणजे मला वाटायचं एकटी आहे.

२३ फेब्रुवारी

ताई येणार. मला ताप आला म्हटल्यावर ती बसणार नाही. एकदा माझ्यासाठी ती अनवाणी डॉक्टरकडे धावली होती, भर उन्हात. भाऊजी अडवतील. पण तिच्यापुढं भाऊजींचं काय चालतंय.

दिवसभर पलंगाच्या लोखंडी पायानं चौकट ठोकली. दगडाचा कपचासुद्धा निघाला नाही. बोळ अरुंद झालाय. दोन्ही हात पसरायची सोय राहिली नाही, कोपरं घासतात.

डबा गजांतून आला. गाजरं बारीक चिरलेली. आजारी माणसाला देतात तसा.

२४ फेब्रुवारी

माझ्या खोलीचं दारही बसलं. मी आत असताना. आता ही खोली आणि ही खिडकी, बस्स.

भिंत येते ती सारखी येत नाही. थांबते. मग पुन्हा आवळते. मधे जरा उसंत. पहाटेपासून ही उसंत कमी होत चाललीय. भिंतीला पाठ लावून बसले की कळतं — आत काहीतरी घट्ट होतंय, सैल होतंय —

टेबल मोडलं. पलंग उभा केलाय. मांडीवर वही घेऊन लिहितेय.

मनात एकच. ताईला आत येऊ द्यायचं नाही. ओरडून सांगावं तर खिडकी — खिडकीचे गज एकमेकांना भिडलेत. उजेड येतो, हात जात नाही. माझा आवाज आता फक्त बोळातून बाहेर जाणार. नको येऊ म्हटलं तरी तिला काय ऐकू जाईल? एक बाई कळवळून हाका मारतेय. माझ्या आवाजात.

म्हणून ओरडायचं नाही. चूं करायचं नाही. आवाजच आला नाही तर तिला वाटेल ठमी इथं नाही, कुठंतरी दुसरीकडे नेली. परत जाईल.

ओ द्यायची नाही.

२५ फेब्रुवारी

पुलावर गाडी. भाऊजींची, पांढरी.

फटीतून दिसतंय. साखळी सुटली. समोरच्या दोघांनी हात सोडले — वाट करून दिली. सगळे तिच्याकडे हसून बघतायत. जुळ्या बहिणी पुढं होऊन तिला उतरवतायत. ताई केवढी जड झालीय. पाय सुजलेत. भाऊजींना काकांनी बाजूला घेतलं, काहीतरी दाखवतायत — पोस्टर —

खाली दार उघडलं. कुणी हात लावला नाही. गुपचूप उघडलं.

ताई पायरीवर उभी आहे. आत नाही अजून. आत नाही आली.

ओढणीचा बोळा केलाय तोंडात. दातांनी धरलाय. लिहितेय म्हणून गप्प राहता येतंय. हात थांबला की —

ठमे, म्हणाली.

नाही. ओ नाही. परत जा ताई. गाडीत बस. इथं कुणी नाही.

ठमे, कुठं आहेस गं.

भिंत पाठीला लागली. गुडघ्यांना समोरची. बोळा घशात —

ती वळली. वळली गं बाई. भाऊजींना हाक मारतेय. एक पायरी उतरली. जा. जा. अजून एक —

विव्हळली. पोट धरून खाली बसली. कळ आली तिला. इथं भिंत आवळली, तेव्हाच तिथं तिला —

सगळे मागं सरलेत. कुणी हात देत नाही. वाट बघतायत. माझीच —

ताई रडतेय. माझ्या नावानं. लहान पोरीसारखी रडतेय. ताई कधी रडत नाही —

बोळा पडला. उचलायला हात पोचत नाही —

ठमे —

ओ